कपाटातल्या एकतीस गाड्या

जालना, २२ जून

प्रिय सुमेधा,

जय भीम.

तू जाताना म्हणालीस, "फोन करू नका. काय सांगायचं असंल ते लिहून पाठवा, मी वाचीन." त्याला तीन आठवडे होऊन गेले. काही घडलं की लिहू, असं मी मनाशी धरलं होतं. घडलं काहीच नाही, म्हणून शेवटी तसाच लिहायला बसलोय.

घर ठीक आहे. सकाळच्या गाडीनं बदनापूरला जातो, संध्याकाळी सहापर्यंत परत येतो. पेरण्या झाल्यात, त्यामुळं शेतात मोजणीचं मशीन लावता येत नाही. दिवसभर ऑफिसात जुने नकाशे लावत बसतो. भाज्या मला दोनच येतात, त्या आलटून पालटून करतो. मोगऱ्याची पानं पिवळी पडून राह्यलीत. पाणी जास्त झालं का कमी, ते कळत नाही.

बदलीचं मी मनाला लावून घेतलेलं नाही. यादीत नाव आलं की जावंच लागतं, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला कोण विचारतं. आणि कुंभार पिंपळगाव काही परदेश नाही. फक्त एक गोष्ट समजली नाही. जून महिन्यात तू स्वेटर आणि दोन्ही शाली कशाला नेल्यास? शनिवार-रविवार येणारच होतीस, तर थंडीच्या आधी नेता आल्या असत्या. आता तीन शनिवार गेले. शाळा नवीन आहे, काम असेल.

घर शांत म्हणून मी कॅडिलॅक काढली. १९५९ची, मागं माशाच्या परासारखे दोन उंच पंख असलेली. दोन वर्षं तो सुट्या भागांचा डबा कपाटावर पडून होता. खरी गाडी पावणेएकोणीस फूट लांब. एकास पंचवीस प्रमाणात आपली गाडी बराबर नऊ इंच होते, मी पट्टी लावून बघितली. डब्यावरच्या चित्रात गुलाबी आहे म्हणून गुलाबीच रंग द्यायचा ठरवलाय. तू असतीस तर म्हणाली असतीस, ही गाडी हाय का नवरदेवाचा फेटा.

तुझी खोली कशी आहे? पाण्याची सोय आहे का?

तुझा,
नागसेन


जालना, ६ जुलै

प्रिय सुमेधा,

जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. रूपालीला फोन केला, ती होस्टेलवरून म्हणाली, "आईला पत्र भेटलं, तिनं वाचलं." एवढंच. मंग मी पुढचं लिहितो.

माझ्या हाताला काहीतरी झालंय. कॅडिलॅक बिलकुल जमून नाही राह्यली. तो चंदेरी वर्ख तुला माहीत आहे, मिठाईवरच्यासारखा पातळ, मागून चिकट. गाडीच्या काचांभोवती स्टीलची पट्टी असते, ती त्या वर्खानं करायची. कडेला लावायचा, दातकोरणीनं दाबायचा आणि ब्लेडनं जादा भाग कापायचा. पंधरा-सोळा वर्षं हेच करतोय. आता लावला की सुरकुत्या पडतात. कापायला गेलो की फाटतो. पुढच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा डिंकासकट उमटलाय, तो निघत नाही. वायपर दोन्ही वेगळ्या दिशेला.

आधी वाटलं रंग पातळ करायचा थिनर खराब निघाला. दुसरा आणला. तेच. मंग डोळे दाखवून आलो. डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं आणि म्हणाले, "साहेब, नंबर तोच आहे. तुम्हाला दिसायला काय अडचण होते?" मी म्हटलं, "मला न्हाई, गाडीला होते." त्यांना समजलं नाही. साखर पण तपासली. व्यवस्थित आहे.

एक विचारायचं होतं. पूर्वी मी संध्याकाळी रंग दिला, वर्ख लावला आणि गाडी टेबलावर ठेवून दिली की दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येईपर्यंत काम बसलेलं असायचं. बारीक सुरकुत्या निघून गेलेल्या, रंगातली बुडबुड्यांची जागा गुळगुळीत. मी सगळ्यांना सांगायचो, घाई करू नका, एक दिवस ठेवा, वर्ख आपोआप ताणला जातो. आता दोन दिवस ठेवला, चार दिवस ठेवला, तसाच. खिडकी बंद असते म्हणून होत असेल का? तू दुपारी खिडकी उघडी ठेवायचीस का? आठवत असेल तर कळव.

मोगरा वाळला.

नागसेन


जालना, २० जुलै

प्रिय सुमेधा,

जय भीम.

काल जालना स्टेशनवर दैवशाला मॅडम भेटल्या, तुझ्या जुन्या शाळेतल्या. मी आपला साधं बोलायचं म्हणून बोललो, "काय मॅडम, आमच्या मिसेसला पार घनसावंगी तालुक्यात टाकलं बघा. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर काही विचार करायला पाहिजे होता."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "टाकलं कुठं, सर? विनंती बदली हाय ना ती. फेब्रुवारीत त्यांनी माझ्यासमोर बसून अर्ज भरला. पहिलं गाव त्यांनीच टाकलं."

मी म्हटलं, "हो, हो, तेच म्हणून राह्यलो मी." आणि आलेल्या गाडीत चढलो. ती गाडी उलट्या दिशेची, परभणीकडची होती. परतूरला उतरून मागं आलो.

सुमेधा, मला काहीच कळेनासं झालंय. तू मला म्हणाली होतीस, बदली झाली. 'झाली' म्हणजे मी समजलो की झाली. मी पुन्हा पुन्हा आठवून बघतोय की त्या दिवशी तू नेमकं काय म्हणालीस आणि मी काय विचारलं. मला वाटतं मी विचारलं होतं, "आता माझ्या डब्याचं काय?" आणखी काही विचारलं का ते आठवत नाही.

फेब्रुवारीच्या आधी काय घडलं, ते शोधत बसलो. भांडण नाही. आजारपण नाही. जानेवारीच्या शेवटी आपण पुण्याला त्या छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनाला गेलो होतो, तो तर चांगलाच दिवस होता. माझ्या बेल एअरला पहिलं बक्षीस मिळालं. सत्तावन्नची शेवरलेट, आकाशी रंग, छत पांढरं. परीक्षकांनी माइकवरून विचारलं, "खरात साहेब, काचेच्या कडेचं हे काम आम्ही भिंग लावून बघितलं. एक सुरकुती नाही. कसं करता?" मी म्हटलं, "हात बसलाय आता." त्यांनी विचारलं, "घरच्यांची काही मदत?" मी म्हटलं, "मदत म्हणजे काय, एवढा पसारा केला तरी ती बोलत न्हाई, हीच मोठी मदत." सगळे हसले. तू दुसऱ्या रांगेत होतीस. तूही हसलीस, निदान मला तसं दिसलं. येताना बसमध्ये तू डोकं दुखतंय म्हणून डोळे मिटून बसलीस.

जानेवारीच्या शेवटी प्रदर्शन आणि फेब्रुवारीत अर्ज. दोन्ही तारखा मी कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या. पण दोन खुणा जोडून रेघ ओढली म्हणजे ती बांधावरनंच जाते असं नाही, हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. तूच सांग, रेघ बरोबर आहे का?

नागसेन


जालना, ३ ऑगस्ट

सुमेधा,

जय भीम.

रूपाली दोन दिवस आली होती. कॅडिलॅक टेबलावरच होती. तिनं बघितली आणि तोंडावर हात ठेवला. हसत होती की काय, ते समजलं नाही.

"पप्पा, ही तुम्ही एकट्यानं केली का?"

"मंग कोण करणार?"

"आई गेल्यावरची ही पहिलीच ना?"

"त्याचा काय संबंध?"

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला खरंच माहीत न्हाई, का माहीत न्हाई असं करून राह्यले?"

मंग तिनं सांगितलं. तुझी शाळा सकाळची. तू दीडला घरी यायचीस, जेवायचीस आणि माझ्या टेबलाशी बसायचीस. मी लावलेला वर्ख काढून नवा लावायचीस. वाळलेल्या रंगातले बुडबुडे पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं घासायचीस. डिंकाच्या तारा सुईनं काढायचीस. वायपर, आरसे, दाराच्या मुठी सरळ करायचीस. मी येण्याआधी सगळं होतं तसं ठेवून द्यायचीस. "मी तिसरीत होते तेव्हापासून बघून राह्यले," रूपाली म्हणाली. "मला वाटायचं तुम्हाला दोघांना माहीत हाय आणि तुम्ही दोघं बोलत न्हाई. घरात बऱ्याच गोष्टींचं तसंच हाय ना."

मी तिला म्हटलं, असं काही नाही, आई थोडं पुसत-बिसत असेल. ती गेल्यावर कपाट उघडलं. सगळ्या एकतीस गाड्या पलंगावर मांडल्या आणि भिंग घेऊन बसलो. वर्ख कापताना ब्लेड जिथं टेकतं तिथं टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि जिथं उचलतं तिथं बारीक शेपटी राहते. मी उजव्या हातानं डावीकडून उजवीकडं कापतो. माझा खड्डा डाव्या टोकाला पाहिजे.

सव्वीस गाड्यांवर तो उजव्या टोकाला आहे.

आपल्या घरात डावखुरी एकच आहे.

माझ्या म्हणता येतील अशा पहिल्या पाच गाड्या निघाल्या. त्या मी स्वतःच कपाटात मागच्या रांगेला ठेवल्या होत्या, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून.

खरं लिहितो, मला राग आला. तीन दिवस राग होता. वाटलं तू मला फसवलंस. लोकांसमोर मला उभं राहू दिलंस, बक्षीस घेऊ दिलंस. एक शब्द बोलली असतीस तर? मी काय तुझा हात धरला असता? शिक्षक आहेस, पोरांच्या चुका लाल पेनानं दाखवतेस, नवऱ्याच्या चुका गुपचूप दुरुस्त करून ठेवायच्या हे कुठलं शिकवणं? माझ्या हाताला काय येतं आणि काय येत नाही, हे माझं मला सत्तेचाळीसाव्या वर्षी कळायचं?

याचं उत्तर पाहिजे मला.

नागसेन


जालना, १७ ऑगस्ट

सुमेधा,

मागच्या पत्रात मी फसवणूक लिहिलं ते खोडून टाक. ते पत्र टाकल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही, कारण त्यात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. रूपालीलाही सांगितली नाही. आतापर्यंत मी ती स्वतःशीसुद्धा नीट बोललेलो नाही.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात एक मोजणी तहकूब झाली होती. दोघं भाऊ बांधावरच एकमेकांच्या अंगावर धावले, पोलीस बोलवावे लागले, आम्ही मशीन गुंडाळून निघालो. मी दुपारी अडीचला घरी आलो. दाराशी येण्याआधी खिडकीतून तू दिसलीस. टेबलाशी बसली होतीस. माझं भिंग डोळ्याला आणि डाव्या हातात ब्लेड. समोर चौसष्टची इम्पाला, तेव्हा मी तीच करत होतो. तू श्वास रोखून एक पट्टी कापलीस आणि मंग श्वास सोडलास. मला तुझे खांदे खाली आलेले दिसले.

मी आत आलो नाही. मागं फिरलो आणि स्टेशनपाशी जाऊन बसलो. तीन चहा घेतले, पेपर दोनदा वाचला. साडेपाच झाले तसा उठलो आणि नेहमीच्या वेळेला घरी आलो. तुला म्हटलं, "आज लई ऊन होतं शेतात."

त्या संध्याकाळी मी इम्पाला हातात घेऊन तुला म्हणालो, "बघ, वर्ख कसा बसलाय." तू पोळ्या करत होतीस. मागं वळून बघितलंस आणि म्हणालीस, "हां, छान बसलाय."

मी तसं का केलं, ते मला सांगता येत नाही. पंधरा दिवस झाले, हाच विचार करतोय. मला माहीत होतं असं म्हणावं, तर थिनर बदलला, डोळे तपासले, साखर तपासली, ते काही नाटक नव्हतं. मी खरंच गोंधळलो होतो. माहीत नव्हतं असं म्हणावं, तर ते तीन चहा कोण प्यालं? माणसाला एखादी गोष्ट माहीत असून माहीत नसते का? तुझ्या वर्गातल्या पोरांना असं होतं का?

बहुतेक असं झालं असेल, की मी आत आलो असतो तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं. आणि काय बोलायचं ते मला येत नव्हतं.

एवढंच लिहायचं होतं.

नागसेन


जालना, ७ सप्टेंबर

प्रिय सुमेधा,

जय भीम.

मागच्या रविवारी मी तुझ्याकडं येऊन गेलो. तू तिथंच होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. कारण तू म्हणालीस, "मी एक बोलते अन् तुम्ही दुसरंच ऐकता." मोजणी झाली की आम्ही पंचनामा लिहितो आणि दोन्ही बाजूंना वाचून दाखवतो. ज्याला चूक वाटेल त्यानं तिथंच सांगायचं. तसाच हा पंचनामा समज. मी काय ऐकलं ते लिहितो, तू तपास.

मी घनसावंगीहून दुसरी बस पकडून साडेअकराला पोचलो. हातात पिशवी होती. तुझी घरमालकीण केशरबाई ओट्यावर शेंगा निवडत होती. "कोण पायजे?" म्हणाली. मी म्हटलं, "मॅडमचा मिस्टर." तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "असं का. मॅडमला मिस्टर हायेत व्हय." मंग सरकून जागा दिली.

तुझी खोली लहान आहे पण उजेड चांगला आहे. टेबलावर वह्यांचे गठ्ठे. एकही वस्तू वाकडी नव्हती. तू चहा केलास. तू बारीक झाली आहेस, असं मला वाटलं, पण म्हणालो नाही. आता लिहितो.

मी आधी पुण्याची गोष्ट सांगितली. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाला मी पत्र लिहिलं होतं, की बेल एअरचं काम माझं नसून माझ्या पत्नीचं आहे, बक्षिसाच्या कार्डावरचं नाव बदलावं. त्यांचे सेक्रेटरी रामप्रसादजी यांचा फोन आला. आधी त्यांनी तब्येतीची चौकशी केली. मंग म्हणाले, कार्ड बदलतो, वेबसाइटवरही बदलतो. मी तुला फोनमध्ये ते नवीन कार्ड दाखवलं. 'सौ. सुमेधा नागसेन खरात.'

मला वाटलं होतं तुला बरं वाटेल. तू चष्मा लावून वाचलंस आणि म्हणालीस, "हे खोटं हाय."

"काय खोटं?"

"सगळं माझं कुठं हाय? इंजिन तुमचं. आतल्या सीटा तुमच्या. आकाशी रंग तुम्ही सात वेळा बनवला तेव्हा जमला, मी बघत होते. माझा वर्ख अन् घासकाम. आधी सगळं तुमचं होतं, आता सगळं माझं. मला बराबर माझं आहे तेवढंच पायजे."

मी म्हटलं, बरं, तसं कळवतो. आणि पिशवीतून डबा काढला. छप्पन्नची थंडरबर्ड, दोन सीटची, लाल. तुझ्यासाठी मागवली होती, तू पहिल्यापासून स्वतः करावीस म्हणून. डब्यावर मी तुझं नाव लिहिलं होतं. सोबत नवं ब्लेड, नवं भिंग. तू डबा हातातसुद्धा घेतला नाहीस.

"मला गाड्या आवडत न्हाईत," म्हणालीस.

"म्हणजे?"

"आवडत न्हाईत म्हणजे आवडत न्हाईत. कधीच आवडल्या न्हाईत. लांबच्या लांब पत्रा अन् त्याला पंख. बसणार कोण त्यात?"

"मंग सव्वीस गाड्या?"

तू खिडकीकडं बघत होतीस. म्हणालीस, "तुम्ही आवडत होते."

बाहेर केशरबाईच्या शेंगा सुपात पडल्याचा आवाज येत होता. मंग तूच बोललीस. म्हणालीस, तुम्ही ऑफिसातून आले की पहिलं टेबलापाशी जायचे आणि गाडी बघून तुमचं तोंड असं व्हायचं, की माझा दिवस वसूल व्हायचा. तेवढ्यासाठी करत होते. पुण्याला तुम्ही जे बोलले त्याचं वाईट वाटलं, पण तेवढ्यावरून कुणी घर सोडत नसतं. मी विचारलं, मंग कशावरून? तू म्हणालीस, "एक दिवस तुम्ही गाडी बघत होते अन् मी दारात उभी होते. तुम्ही गाडीला भिंग लावून बघून राह्यले. मला वाटलं, माझ्याकडं असं कधी बघितलं यांनी? मला माझंच कळंना की मी या घरात कोण हाय. मंग अर्ज भरला. बरोबर केलं का चूक केलं ते अजून मला समजलेलं न्हाई."

मी म्हटलं, "मी खिडकीतून बघितलं होतं तुझ्याकडं."

तू म्हणालीस, "अन् मंग?"

मी म्हटलं, "मंग चहा प्यायला गेलो."

तू हसलीस. या वेळी मात्र नक्की हसलीस, मी दोन फुटांवर होतो. आणि हसता हसता डोळ्याला पदर लावलास. त्याचा मी काय अर्थ घ्यायचा होता?

निघताना तू डबा माझ्या पिशवीत परत ठेवलास आणि म्हणालीस, "येऊ नका." मी बरं म्हटलं. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. अंबडपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द होता. 'होते.' आपल्याकडं 'होते' म्हणजे मागचं, संपलेलं. पण तू सव्वीस गाड्यांबद्दल बोलत होतीस, त्या तर मागच्याच आहेत. मंग शब्द त्या हिशोबानं आला असेल का? मी व्याकरणात कच्चा आहे, तू पक्की आहेस.

तू येऊ नका म्हणालीस म्हणून मी येणार नाही. पंचनामा इथं संपला. चूक असेल तिथं खूण कर.

नागसेन


जालना, २१ सप्टेंबर

प्रिय सुमेधा,

जय भीम.

माझंच पत्र मला परत आलं, तेव्हा आधी वाटलं तू न वाचता धाडलंस. पाकीट फोडून उभ्यानंच बघितलं. लाल पेनाच्या खुणा दिसल्या आणि मी खाली बसलो.

'भुईमुगाच्या' असा शब्द तू शेंगांच्या आधी घातलास. तुझ्या बारीक होण्यावर काट मारलीस, बाजूला लिहिलंस, 'दोन किलो वाढले.' म्हणजे तेही मी चुकीचं बघितलं. 'पदर लावलास' याच्याखाली रेघ आणि 'ओढणी होती.' समोरासमोर तासभर बसलो होतो, आणि तू साडी नेसली होतीस की ड्रेस घातला होतास, हे मला सांगता आलं नाही.

मंग शेवटचं पान. 'येऊ नका' या दोन शब्दांच्या आधी तू वर जाणारी खूण केलीस आणि ओळीच्या वर लिहिलंस, 'गाडी घेऊन.'

गाडी घेऊन येऊ नका.

तू हे तेव्हाही म्हणाली होतीस का? पिशवीची चेन लावत होतो, त्या आवाजात माझ्याकडून सुटलं का? का पत्र वाचताना तुला ते आता घालावंसं वाटलं? दोन्हींत फरक आहे, पण कोणता खरा ते मी ठरवू शकत नाही. तू स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं आहेस, मी तेच धरतो.

'होते'वर मात्र काही खूण नाही. दोन्ही ठिकाणी बघितलं. बरोबर आहे म्हणून सोडलंस, की तुझंही ठरलेलं नाही? विचारणार नाही.

पुण्याचं कार्ड आता असं झालं आहे: 'जोडणी व रंग – नागसेन खरात. वर्ख व घासकाम – सुमेधा खरात.' रामप्रसादजी म्हणाले, असं कार्ड मंडळात पहिल्यांदाच लागतंय.

येत्या रविवारी सकाळच्या बसनं येतो. काहीतरी घेऊन यावं म्हणून बाजारात दोन चकरा मारल्या, आणि दोन्ही वेळा तसाच परत आलो. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी पाहिजे, मॅडमला काय आवडतं?" मी सांगू लागलो आणि थांबलो. बावीस वर्षांच्या संसारानंतर तुझ्या आवडीच्या एका गोष्टीचं नाव मला घेता आलं नाही.

म्हणून हातात काही नसेल. तेवढं पहिलं विचारीन.

तुझा,
नागसेन